गेरूचे पट्टे लागलेली अकरा झाडं

मी बागेचा मुकादम म्हणून रुजू झालो त्या सकाळी म्हाताऱ्या माळीकाकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला नाही. विहिरीच्या काठावर ठेवला, झारी उचलली आणि गुलाबांकडे निघून गेले. मी जुडगा उचलला. फाटक उघडंच होतं, तरी पण एकदा बंद करून पुन्हा उघडलं. काहीतरी काम सुरू केल्यासारखं वाटावं म्हणून.

आमचं गाव तालुक्याचं. दारव्ह्याहून मोटारीनं तासाभराच्या वाटेवर. गावाला नगरपालिका होती आणि नगरपालिकेची एक जुनी बाग होती. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा मी विशीत होतो. त्यानंतर चार वर्षं जंगल खात्याच्या रोपवाटिकेत सागाची रोपं वाढवली. सातवी पास होतो. मुकादमाच्या जागेसाठी सातवीची अट होती, आणि माळीकाका कधी शाळेची पायरी चढले नव्हते. नाहीतर ती जागा त्यांचीच होती. अठरा वर्षं त्यांनी ती बाग सांभाळली होती. माझ्यावरचा त्यांचा राग निव्वळ जातीचा होता असं मी कधी म्हणणार नाही. थोडा तोही होता. पण मोठा भाग हक्क हुकल्याचा होता, आणि तो मला कळत होता.

बागेत आम्ही चौघं. मी, माळीकाका, आणि आमच्याच वस्तीतल्या दोघी जावा. त्या पाणी घालत, झाडलोट करत. मोटेची बैलजोडी नगरपालिकेची.

पहिल्याच दिवशी मी बागेला एक चक्कर मारली, आणि पूर्वेच्या बाजूला पाय थांबले. तिथं कडुनिंब, करंज आणि शिरीष अशी मोठी मोठी झाडं होती. त्यांतल्या अकरा झाडांच्या बुंध्यांना गेरूचे रुंद पट्टे मारलेले होते. कंबरेइतक्या उंचीपर्यंत साल सोललेली, दोरांचे घट्टे पडलेले, बुडाशी चुली मांडून मांडून काळे झालेले बुंधे. वरच्या फांद्या अर्ध्या वाळलेल्या.

"हे पट्टे कायचे काका?" मी विचारलं.

"तोडाची झाडं हायेत," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "ठराव झाला."

त्या दोघींपैकी थोरलीनं मला बाकीचं सांगितलं. दिवाळीपासून कापसाचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या खेड्यांतून बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येत. कापूस विकायला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे. कास्तकार कुंपण बाजूला सारून बंड्या बागेत घालत, बैल झाडांना बांधत, त्याच झाडांखाली भाकरी भाजत. बैल बुंध्याला अंग घासत, भुकेनं साल ओरबाडत. वर्षानुवर्षं हेच. आता झाडं मरायला टेकली तेव्हा पालिकेनं ठरवलं की ती तोडून लाकूडवाल्याला द्यायची आणि तेवढा तुकडा बंड्यांनाच मोकळा करायचा.

रोपवाटिकेत मला एका म्हाताऱ्या वनरक्षकानं शिकवलं होतं की झाड जिवंत आहे की नाही हे पानांना विचारायचं नाही, सालीला विचारायचं. मी एकेका झाडाची उरलेली साल नखानं खरवडली. खाली हिरवं लागलं की तिथं बोट ठेवायचं आणि सुतळीनं मोजायचं, बुंध्याभोवती किती साल शाबूत आहे. झाडानं पानांत तयार केलेलं अन्न त्या सालीतूनच खाली मुळांकडे उतरतं. सगळीकडून साल गेली तर झाड उपाशी मरतं. पण वीत-दोन वीत जरी शाबूत असली, तरी आशा असते. संध्याकाळपर्यंत माझा हिशेब झाला. अकरापैकी आठ झाडं नक्की जगण्यासारखी होती. उरलेल्या तीन झाडांचं सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेच्या अध्यक्षसाहेबांच्या घरी गेलो. ते वकील होते. ओसरीवर कागद वाचत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"आठ झाडं जगतात हे तुले कोणं सांगतलं?"

"सालीनं साहेब. खालून हिरवी हाये."

ते हसले. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "ठराव झाला हाये बावा. उद्या दुसरा येईन, म्हणीन माहं घर पाडू नका, भिंत हिरवी हाये."

"एक हिवाळा द्या. चैत्रात पालवी नाही फुटली, तं मी सोता कुऱ्हाड धरीन."

"आन् बंड्या? त्या अंदर शिरतीन त्याचं काय करशीन?"

"शिरू देत नाही."

"चैत्रापर्यंत," ते म्हणाले. "पन एकाही कास्तकाराचा ओरडा माह्या कानावर आला, तं पहिले तू जाशीन. मंग झाडं."

मी उड्या मारतच परत आलो. बंड्या कशा अडवायच्या याचा मी काडीचाही विचार केलेला नव्हता.

दिवाळी झाली. मी फाटकाला कुलूप लावलं आणि कुंपणाच्या फटींत बाभळीच्या काट्या रचल्या. चौथ्या दिवशी पहिल्या पाच-सात बंड्या येऊन थांबल्या. पुढच्या बंडीवरून एक उंच, जाड मिशांचा कास्तकार खाली उतरला.

"अबे, ह्या काट्या कोणं टाकल्या?"

"मी टाकल्या. बागेचा मुकादम मीच."

"मुकादम!" तो मागच्यांकडे वळून म्हणाला, "पाहा रे. काल-परवापर्यंत हेच गावाबाहेर राहत होते. आता हे आमाले बाहेर ठेवून राह्यले."

सगळे हसले. त्यांनी काट्या ओढून बाजूला केल्या, दुपारपर्यंत चाळीसएक बंड्या आत आल्या आणि गेरूच्या पट्ट्यांवर दोर आवळले गेले. माळीकाका विहिरीवर उभे राहून पाहत होते. हसले नाहीत, पण मदतीलाही आले नाहीत.

घरी गेलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. अपमान तर होताच. पण त्यातलं काहीतरी खरंही होतं, आणि तेच जास्त टोचत होतं. बाहेर ठेवलं जाणं काय असतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि अधिकार हातात येताच मी पहिलं काम काय केलं होतं? कुलूप आणि काट्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच मिशाळ कास्तकाराच्या बंडीपाशी जाऊन बसलो. तो भाकरीवर ठेचा घेऊन जेवत होता. मला पाहून त्याचा घास थांबला.

"भांडाले आलो नाही," मी म्हटलं. "एक इचारतो. बाजाराचं आवार सोडून तुमी बागेत काहून येता?"

"कोठी जाऊ मंग? आवारात पान्याचा थेंब नाही. खुंटा नाही. बैल दिवसभर चालून आले माहे. त्याइले कोठी बांधू, तुह्या डोक्याले?"

"पानी, खुंटा. आनखी काय लागते?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "चुलीले काड्या," तो म्हणाला. "दुसरं काय लागते कास्तकाराले?"

इतकीच गोष्ट होती. इतकी वर्षं ती कोणी विचारली नव्हती.

बागेच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे नगरपालिकेचीच एक लांबट पडीक पट्टी होती. रुईची झुडपं आणि दगड. मी त्या दोघी जावांना बोलावलं आणि मनातलं सांगितलं. पट्टी साफ करायची. विहिरीवरून भिंतीखालून एक नाली काढून पाणी बाहेर न्यायचं. बागेच्या कोपऱ्यात जनावरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोणी पालथी पडली होती, ती तिथं मांडायची. छाटलेल्या वाळक्या फांद्यांचा ढीग बाहेर ठेवायचा, ज्याला लागतील त्यानं न्याव्यात. राहिले खुंटे.

"खुंटे आनाले कास्तकाराइलेच सांगा ना," धाकटी म्हणाली. "प्रत्येकाच्या वावराच्या धुऱ्यावर बाभूळ हाये."

मी माळीकाकांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली. "माहा जलम या बागेत गेला. बागेतलं पानी ढोराइले द्याले मी नाही खंदणार."

मग आम्ही तिघांनी खणायला घेतलं. टिकास माझ्या हातात, फावडं थोरलीच्या, टोपली धाकटीच्या डोक्यावर. दोन दिवसांत नाली भिंतीपर्यंत पोचली. तिसऱ्या दिवशी सकाळी मोट धरून पाणी सोडलं. ते वीस-पंचवीस पावलं गेलं आणि तिथंच तळं करून बसलं. पुढे सरकेना. मी फावड्यानं इकडे उकर, तिकडे उकर करत राहिलो. पाणी उलट मागे यायला लागलं. कडेच्या बांधावर बसलेले कास्तकार मजा पाहत होते.

मागून आवाज आला, "पानी वर चढत नसते बाप्पा."

माळीकाका होते. त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं. चिखलात गुडघ्यापर्यंत उतरले, डोळा जमिनीशी लावून उतार पाहिला आणि नाली डावीकडून, करंजाच्या मुळांना वळसा घालून काढायला सुरुवात केली. मी टिकास घेऊन त्यांच्यापुढे खणत गेलो. ते फक्त "खोल," "बस," "आता उजवीकडं" एवढंच बोलत. दुपार कलायच्या आत पाणी भिंतीखालून पलीकडे गेलं आणि डोणीत पडलं. डोणी भरून वाहायला लागली तेव्हा धाकटीनं टाळ्या वाजवल्या.

माळीकाकांनी ओंजळ धरली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुकादम, नालीच्या तोंडाले एक चपटा दगड लागते. नाहीतं उद्या गाळ भरन."

त्यांनी मला मुकादम म्हटलं होतं. मी दगड आणायला अक्षरशः पळत गेलो.

मिशाळ कास्तकाराचा कापूस तोवर विकला गेला होता. तो परत निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "पुढच्या खेपेले येतान बाभळीचा एक खुंटा आना. तुमचा तुमाले. त्या जागेवर दुसरा कोनी बैल बांधनार नाही."

आठ दिवसांनी तो आला. बंडीत कापसाच्या वर तीन खुंटे होते. "दोन माह्या भावाचे," तो म्हणाला आणि स्वतःच लोखंडी सब्बल मागून खड्डे पाडले आणि ते ठोकले. त्याचं पाहून दुसऱ्यांनी आणले. महिन्याभरात भिंतीपलीकडे खुंट्यांच्या दोन लांब रांगा उभ्या राहिल्या.

सगळंच गोड झालं असं नाही. पाण्याच्या नालीला कोणाचे हात लागलेत यावर पहिले काही दिवस कुजबुज होती. बैलांना डोणीवर पाजणारे काहीजण स्वतःच्या पिण्याचं पाणी मात्र लांबच्या विहिरीवरून आणत. मी पाहत होतो, बोलत नव्हतो. थोरली मात्र बोलायची. "बैल शहाणे हायेत," असं ती त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. हळूहळू लांब जाणाऱ्यांची संख्या कमी झाली. पार संपली नाही.

आता झाडांकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळाली. खुंट्यांजवळ रोज शेण साठायचं. त्यात काळी माती आणि कडुनिंबाचा कुटलेला पाला कालवून आम्ही लेप तयार करायचो. आधी कोयत्यानं जखमेची सडलेली कड साफ करायची, मग बोटभर जाडीचा लेप द्यायचा आणि वरून जुन्या फाऱ्या, म्हणजे गोणपाटाचे तुकडे, गुंडाळायच्या. बुडाशी आळं करून पंधरवड्यानं पाणी. वरच्या वाळक्या फांद्या माळीकाका स्वतः चढून छाटायचे. साठीला आलेला माणूस, पण झाडावर गेला की ओरडून सांगायचा, "खाली नका येऊ रे, फांदी पाडून राह्यलो!"

गावातली माणसं येता-जाता थट्टा करायची. झाडांना पलस्तर करणारे, असं नाव पडलं आम्हाला. मिशाळ कास्तकाराला मात्र कुतूहल होतं. एकदा त्यानं मला साल खरवडून दाखवायला लावली. खालचं हिरवं पाहून त्यानं स्वतःही एकदा नख लावून पाहिलं. "आमी तं मेलं समजून बांधत होतो," तो म्हणाला. त्याच आठवड्यात एका नव्या माणसानं शिरीषाला बैल बांधला, तेव्हा मी पोचायच्या आत यानंच त्याला फैलावर घेतलं. "अबे, मानूस जखमी असला तं त्याच्या अंगावर बैल बांधशीन का? खुंट्याले बांध!"

माघ संपत आला होता. एका सकाळी मी विहिरीवर असताना थोरली धावत आली. "दादा, कुऱ्हाडीवाले आले."

लाकूडवाल्याची सहा माणसं फाटकात उभी होती. खांद्यावर कुऱ्हाडी, दोघांच्या हातात मोठा आरा. पालिकेच्या एका सभासदाची चिठ्ठी त्यांच्याजवळ होती, गेरू लावलेली वाळलेली झाडं आजच तोडावी म्हणून. चैत्रापर्यंतचा शब्द मला अध्यक्षसाहेबांनी तोंडी दिला होता. माझ्याजवळ कागद नव्हता.

मी फाटकापाशी पोचलो तोवर माळीकाका पहिल्या कडुनिंबाला पाठ लावून बसले होते. मिशाळ कास्तकारानं आपली बंडी ओढून फाटकात आडवी घातली होती आणि दहा-बारा जण हातात बैल हाकायच्या पराण्या घेऊन उभे होते. कोणीतरी एकानं नुसता धक्का दिला असता तरी तिथं डोकी फुटली असती. आणि डोकी फुटली असती, तर त्याच दिवशी झाडंही गेली असती हे मला लख्ख दिसत होतं.

"कोनी हात उचलाचा नाही," मी ओरडलो. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. "पराण्या खाली ठेवा. बंडी बाजूले घ्या. त्याइले अंदर येऊ द्या."

कास्तकार माझ्याकडे वेड्यासारखे पाहायला लागले. पण पराण्या खाली गेल्या. बंडी सरकली.

मी कुऱ्हाडीवाल्यांच्या पुढाऱ्याला म्हटलं, "दादा, चिठ्ठीत काय लिहिलं हाये? वाळलेली झाडं का जित्ती?"

"वाळलेली," तो म्हणाला. काटक, वयस्क माणूस. हाताला लाकडाचे घट्टे.

"मंग वाळलेलं खुशाल तोडा. मी आडवा येत नाही. फक्त तोडाच्या पहिले सालीले नख लावून पाहा. तुमाले मी काय सांगू, तुमचा जलम झाडात गेला."

तो माळीकाकांच्या पाठीमागच्या कडुनिंबापाशी गेला. फारी वर सरकवली. आमच्या लेपाच्या कडेनं नव्या सालीची एक वळ पुढे सरकलेली होती, ओठासारखी मऊ आणि फुगीर. त्यानं नखानं खरवडलं. हिरवं. तो दुसऱ्या झाडाकडे गेला. तिसऱ्याकडे. करंजाच्या सालीतून तर ओल बोटाला लागली. तोवर जमलेली चाळीस-पन्नास माणसं त्याच्या मागोमाग झाडाझाडापाशी सरकत होती.

पाचव्या झाडापाशी तो थांबला. कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून त्यानं जमिनीवर टेकवली.

"हे जित्ते हायेत," तो आपल्या माणसांना म्हणाला. "जित्ते झाडं तोडाले आमाले नाही सांगतलं. चला."

ते निघाले तेव्हा मिशाळ कास्तकारानं त्यांना थांबवून भाकरी खाऊ घातली. माळीकाका बुंध्याला टेकून तसेच बसून राहिले होते. मी हात दिला, तेव्हा ते माझा हात धरून उठले.

अध्यक्षसाहेब त्याच संध्याकाळी आले. कोणाचं काहीच न ऐकता ते झाडांमधून फिरले, भिंतीपलीकडे जाऊन खुंट्यांच्या रांगा पाहिल्या, डोणीवर पाणी पिणारे बैल पाहिले. जाताना फक्त म्हणाले, "चैत्र म्हणजे चैत्र."

फाल्गुनात कडुनिंबाची सगळीच पानं गळतात. जगणाऱ्याचीही आणि मरणाऱ्याचीही. ते दिवस फार अवघड गेले. मग एके सकाळी माळीकाकांनी मला वर पाहायला सांगितलं. सर्वांत वाईट सोललेल्या कडुनिंबाच्या शेंड्यावर तांबूस पालवी होती. आठवड्याभरात एक सोडून बाकीचे कडुनिंब पेटल्यासारखे फुटले. करंज चकचकीत पोपटी झाले. शिरीषांनी सर्वांत जास्त वाट पाहायला लावली. वैशाखाच्या तोंडावर त्यांतला एक फुटला, दुसरा फुटला नाही.

अकरापैकी नऊ जगली. एक कडुनिंब आणि एक शिरीष गेला. दिलेल्या शब्दाप्रमाणे ती दोन मी स्वतः तोडली, आणि तिथं पावसाळ्यात माळीकाकांनी दोन करंज लावले. त्या दोघी जावांनी उरलेल्या नऊ झाडांवरचा गेरू नारळाच्या काथ्यानं घासून धुतला. पालिकेनं जुना ठराव मागे घेतला आणि भिंतीपलीकडची पट्टी बंड्यांसाठी कायमची राखली. तो ठराव वाचला गेला तेव्हा मला सभेत बोलावलं होतं. मी दाराशी उभा होतो. अध्यक्षसाहेबांनी खुर्ची दाखवली आणि मी बसलो.

त्या वर्षी बागेत माणसं यायला लागली. बाया पोरांना घेऊन सावलीत बसायच्या. आमच्या वस्तीतल्याही यायच्या, मोठ्या फाटकातून, पदर सावरत. कोणी कोणाला उठ म्हणालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कळंबच्या बाजूच्या एका गावाहून निरोप आला. त्यांच्या तळ्याकाठच्या झाडांचीही जनावरांनी अशीच दशा केली होती, मुकादमांनी येऊन पाहावं म्हणून. मी माळीकाकांना बरोबर घेतलं. एसटीत खिडकीजवळ बसून ते सबंध रस्ताभर शेजारच्या अनोळखी गृहस्थाला साल, लेप आणि नालीचा उतार समजावत होते. त्यानं मध्येच विचारलं, "तुमाले हे कोणं शिकोलं?"

"अर्धं यानं," माझ्याकडे बोट दाखवून माळीकाका म्हणाले, "आन् अर्धं यानं माह्यापासून शिकलं." मग पुढची झाडं दिसायला लागली तसे ते खिडकीतून वाकले आणि त्या गृहस्थाला म्हणाले, "ते पाहा, ते निंबाचं झाड. त्याले अजून काही नाही झालं. पन त्याच्याखाली चूल मांडली हाये कोनीतरी. मुकादम, येतान अठी उतराचं."

आम्ही येताना उतरलो.